चार शहरं, चार घुमट: उन्हाळी अभ्यासाच्या नोंदी

14 मार्च
विषय पक्का: विटा, दगड आणि काँक्रीटचे जुने घुमट उभे कसे राहिले. क्रम: रोम, फ्लॉरेन्स, बार्सिलोना, पॅरिस. परतल्यावर विजापूरचा गोलघुमट आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस याच मोजपट्टीने तपासायचं.

प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: घुमटाचा बाहेर जाणारा रेटा कुणी अडवला? अर्धगोल घुमट स्वतःच्या वजनाखाली वरच्या भागात सगळीकडून दाबला जातो, खालच्या भागात मात्र आडवा ताणला जातो. जाडी सारखी असेल तर ही सीमा माथ्यापासून साधारण 52 अंशांवर येते. तिच्या खाली वीट आणि चुना ताण घेऊ शकत नाहीत, म्हणून तिथे उभे तडे जातात. तडा दिसला म्हणजे घुमट पडणार असं नाही. तडे जाऊनही तो का टिकला, अभ्यास त्याचाच.

आम्हा दोघांतली वाटणी: एकाकडे रेखाटनं आणि फोटो, दुसऱ्याकडे मापं आणि हिशेब. संध्याकाळी दोन्ही एका शीटवर उतरवायचं. दुसऱ्या दिवसावर ढकललं की कोणता फोटो कुठल्या बाजूचा हेच कळेनासं होतं.

20 मार्च
व्हिसा. तिन्ही देश (इटली, स्पेन, फ्रान्स) शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय गटात, त्यामुळे अर्ज एकच, आणि तो सर्वांत जास्त मुक्काम असलेल्या देशाकडे, म्हणजे इटलीकडे. मुक्काम सारखे असले तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी तरी हवा. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत म्हणून मार्चमध्येच धरली. मोठ्यांसाठी शुल्क 90 युरो, आरोग्यविमा किमान 30,000 युरोंचा. मर्यादा 180 दिवसांत 90 दिवस. लंडनच्या सेंट पॉल चर्चचा घुमट यादीतून काढला. ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो आणि त्या काळात पासपोर्ट अडकून पडतो.

जोडप्यांनी पाहावं असं: बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडावा. खर्च एकाच्या खात्यातून दाखवत असलात तर दुसऱ्याच्या अर्जासोबतही तेच बँक स्टेटमेंट आणि खर्च उचलत असल्याचं सहीचं पत्र ठेवावं. अर्ज दोन धरले जातात, एक नाही.

18 एप्रिल
सामान. ए-3 आकाराची कडक पाठीची वही, 2बी आणि एचबी पेन्सिली, 5 मीटरचा टेप, छोटी दुर्बीण (8 पट मोठं दाखवणारी पुरते, त्याहून मोठी हातात थरथरते), ओळंबा, कोन मोजायचं मोबाईल ॲप, 0.1 ग्रॅम अचूकतेचा खिशात मावणारा डिजिटल काटा, विणलेला मासेमारीचा दोरा, प्लॅस्टिसिन.

ट्रायपॉड घेतला नाही. चर्चमध्ये तो सहसा चालत नाही. लेझर मापकही नाही. भित्तिचित्रांवर ठिपका पाडणं आम्हाला योग्य वाटत नाही, आणि मुख्य मापं छापील आराखड्यांत असतातच. आपण मोजायच्या त्या पायऱ्या, विटांचे थर, तड्यांच्या जागा.

प्लॅस्टिसिन, कटर आणि ओळंब्याचं वजन चेक-इन बॅगेत. मळलेल्या मातीसारख्या वस्तू एक्स-रेमध्ये संशयास्पद दिसतात आणि हातातली बॅग उघडायला लावतात.

10 जून, रोम
पँथिऑन, प्राचीन रोमन देऊळ. आतला व्यास 43.3 मी., जमिनीपासून माथ्यावरच्या गोल झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच. बांधकाम इ.स. 126 च्या आसपासचं, सळई नसलेलं काँक्रीट. सळईशिवायचा याहून मोठा काँक्रीटचा घुमट आजही नाही.

रेटा अडवला तो जाडीने आणि वजनाच्या वाटणीने. तळाशी जाडी साधारण 6.4 मी., झरोक्यापाशी 1.2 मी. काँक्रीटमधली खडीही वर जाताना बदलते: पायात जड ट्रॅव्हर्टाइन, मग टफ आणि विटांचे तुकडे, माथ्याजवळ हलका प्यूमिस. झरोका म्हणजे उरलेलं भोक नव्हे. तिथे सगळीकडून दाब येतो आणि कडेचं कडं तो दाब पेलतं, म्हणून मध्ये गोल मिटवणारा चावीचा दगड लागतच नाही.

आत खणांच्या, म्हणजे छतातल्या खोलगट चौकटींच्या, पाच ओळी, प्रत्येकीत 28 खण. मोजायला सोपी युक्ती: दाराकडे पाठ करून समोरच्या कोनाड्याच्या मध्यावरचा खण पहिला धरायचा, दोघांनी उलटसुलट दिशेने मोजायचं आणि बेरीज जुळवायची. एकट्याने मान वर करून मोजलं तर एखादा खण हमखास दोनदा येतो. 28 ला 8 ने भाग जात नाही, त्यामुळे खालचे आठ आधार आणि वरचे खण एका रेषेत येत नाहीत. रेखाटनात ते जुळवून टाकायचा मोह होतो, आणि तिथेच चित्र खोटं पडतं.

उभे तडे आहेत, पण बरेचसे गिलाव्याखाली. ते धरले तर घुमटाचा खालचा भाग म्हणजे गोलात उभ्या केलेल्या कमानी, आणि त्यांचे पाय जाड भिंत दाबून धरते. बाहेरून खालच्या भागात पायऱ्यांसारखी कडी आहेत, तीही वजन वाढवून रेटा खाली वळवतात. समोरच्या चौकातून ही कडी दिसत नाहीत, इमारत फार जवळ पडते. जानिकोलो टेकडीवरून दुर्बिणीने दिसतात.

12 जून, रोम
झरोक्यातलं ऊन. रोमचा अक्षांश 41.9, त्यामुळे या दिवसांत माध्यान्हीला सूर्य 71 अंशांवर. 43.3 ला 71 अंशांच्या टॅन्जंटने भागलं की उजेडाची चकती मध्यापासून साधारण 14.9 मी. उत्तरेकडे, म्हणजे दाराच्या बाजूला, फरशीवर यायला हवी. घड्याळाने माध्यान्ह दुपारी 1 वाजून 10 मिनिटांच्या आसपास, कारण उन्हाळी वेळेमुळे काटे तासभर पुढे आणि रोम आपल्या प्रमाणवेळेच्या रेखांशापासून अडीच अंश पश्चिमेला. बारा वाजता जाऊन उभं राहिलं तर चकती अजून बाजूच्या भिंतीकडे असते.

हाच हिशेब 21 एप्रिलला लावला तर चकती फरशी ओलांडून दरवाजावर, जवळपास 6 मी. उंचीवर पडते. दारात उभ्या माणसावर ऊन पडण्याचा जो देखावा सांगतात तो याच दिवसाचा.

फरशी मध्यभागी किंचित उंच आहे आणि पावसाचं पाणी निघून जायला तिला 22 भोकं आहेत. वहीचं पान फरशीवर आडवं ठेवून डोळा खाली नेला की फुगवटा लगेच दिसतो.

तिकीट 2023 च्या जुलैपासून लागतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पातळ पंचा सोबत असला की काम भागतं.

15 जून, रोम
सेंट पीटर, व्हॅटिकनचं मोठं चर्च. मायकेलअँजेलोने 1547 पासून काम हाती घेतलं, घुमट पुरा केला जाकोमो देल्ला पोर्ताने, 1590 मध्ये. दोन कवचं. एकूण 551 पायऱ्या. लिफ्टने गच्चीपर्यंत गेलं तरी पुढच्या 320 चढाव्याच लागतात. वरच्या टप्प्यात जिना दोन कवचांच्या मधून जातो आणि भिंत अंगावर कलते. आमच्या अभ्यासासाठी सगळ्यांत मोलाची जागा हीच: कोन मोजायचं ॲप भिंतीला टेकवून प्रत्येक वळणावर वाचन घेतलं. मागे रांग असते, तेव्हा एकाने टेकवायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. पाठीवरची सॅक पुढे घ्यावी, नाहीतर भिंतीत घासते.

या घुमटाचा दवाखान्याचा कागद इतिहासात जपलेला आहे. 1740 च्या आसपास उभे तडे वाढले. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी ल सर, जाकिए आणि बोस्कोविच या तीन गणितींकडून 1742 मध्ये तपास करून घेतला, पुढे पादुआचे जोव्हान्नी पोलेनी यांना बोलावलं. पोलेनींनी घुमटाच्या संत्र्यासारख्या 50 फाकी कल्पिल्या, एका फाकीचं वजन टप्प्याटप्प्याने काढलं आणि त्याच प्रमाणात मणी बांधून साखळी टांगली. साखळीत फक्त ताण असतो. तिचा आकार उलटा केला की फक्त दाब असलेली कमान मिळते, हे इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने 1675 मध्येच नोंदवलं होतं. उलटी केलेली साखळी घुमटाच्या जाडीत बसली. म्हणजे तडे असूनही घुमट सुरक्षित. तरीही लोखंडी पट्टे घालायची शिफारस पोलेनींनी केली. लुइजी वानव्हितेल्ली यांनी 1743-44 मध्ये पाच पट्टे बसवले. काम चालू असताना मूळच्या पट्ट्यांपैकी एक तुटलेला सापडला, म्हणून 1748 मध्ये सहावा घातला.

आम्हाला पोलेनींचं हे वागणं फार मोठं वाटतं. गणिताने निर्धास्त केलं तरी त्यांनी पट्टा सोडला नाही.

17 जून, रोम
खोलीवर पोलेनींची साखळी. कृती:

अर्ध्या फाकीचे सारख्या लांबीचे दहा तुकडे, प्रत्येकी 9 अंशांचे. फाक माथ्याकडे निमुळती होते, म्हणून तुकड्याचं वजन माथ्यापासूनच्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात. सर्वांत खालचा तुकडा 10 ग्रॅम धरला तर माथ्याकडून खाली: 0.8, 2.3, 3.8, 5.2, 6.5, 7.6, 8.6, 9.3, 9.8, 10.0. एका बाजूची बेरीज 63.9. दुसरी बाजू तशीच. प्लॅस्टिसिनच्या गोळ्या तोलून दोऱ्यावर समान अंतरावर दाबायच्या. दोऱ्याची दोन टोकं व्यासाइतक्या अंतरावर, एकाच पातळीत बांधायची. मागे घुमटाचा छेद उलटा चिकटवायचा. प्रमाण 1:100 धरलं तर 43.3 मीटरचे 43.3 सेंमी होतात आणि आकडेमोडच राहत नाही. दोऱ्याची लांबी थोडी कमीजास्त करून बघायची. जाडीत बसणारा एक जरी आकार मिळाला तरी पुरे.

कुठे बिघडतं: नायलॉनच्या एकसंध दोऱ्याला रिळाची वळणं राहतात आणि हलक्या वजनांपाशी साखळी वाकडी दिसते, म्हणून विणलेला दोरा. पाण्याची माती रात्रीत सुकते, वजन घटतं आणि सकाळचा आकार वेगळा येतो, म्हणून तेलाचं प्लॅस्टिसिन. फोटो तिरका काढला तर आकार दबतो. कॅमेरा साखळीच्या मध्याच्या उंचीवर, किमान दीड मीटर लांब ठेवून झूम करावा. आणि सगळ्यांत मोठी गफलत: सगळीकडे सारखं वजन टांगलं तर ती घुमटाची साखळी राहत नाही, कमानीची होते. फरक मोठा आहे. अर्धवर्तुळाकार कमान उभी राहायला जाडी त्रिज्येच्या जवळपास 11 टक्के लागते, अर्धगोल घुमटाला 4 टक्क्यांच्या थोडी वर पुरते.

20 जून, फ्लॉरेन्स
रोमहून वेगवान गाडीने साधारण दीड तास. प्रादेशिक गाडी स्वस्त, पण बरीच हळू; तिचं छापील तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावं लागतं, नाहीतर दंड. मुक्कामाचा शहरकर बुकिंगच्या रकमेत नसतो, तो तिथे वेगळा भरायचा.

सांता मारिया देल फियोरे या शहराच्या मुख्य चर्चचा घुमट चढायला वेळ ठरवून आधी आरक्षण लागतं आणि वेळ चुकली तर सोडत नाहीत. 463 पायऱ्या, लिफ्ट नाही. मोठी सॅक आधी सामानघरात ठेवावी लागते. त्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवावा.

21 जून, फ्लॉरेन्स
गणिती पाओलो तोस्कानेल्ली यांनी 1475 मध्ये घुमटाच्या वरच्या छत्रीच्या (माथ्यावरच्या छोट्या मनोऱ्याच्या) पायथ्याशी भोक असलेला पितळी पत्रा बसवला, जमिनीपासून जवळपास 90 मी. उंचीवर. उन्हाळी अयनदिनाच्या सुमारास माध्यान्हीला सूर्याची चकती उत्तरेकडच्या क्रॉसच्या चॅपेलमध्ये फरशीतल्या संगमरवरी गोलावर बसते. जूनमध्ये हे लोकांना दाखवतात. जागा मर्यादित, नाव आधी नोंदवावं लागतं. इथे माध्यान्ह रोमपेक्षा आणखी पाचेक मिनिटं उशिरा, सव्वाच्या सुमारास. भोक एवढं उंच असल्याने चकती डोळ्यांदेखत सरकते, म्हणून व्हिडिओ आधीच चालू ठेवावा.

पुढच्या शतकांत याच यंत्राने इमारत हलली आहे का हेही तपासलं गेलं. घुमटाला बांधलेली मोजपट्टीच ती.

23 जून, फ्लॉरेन्स
घुमट. 7 ऑगस्ट 1420 ला काम सुरू, 1436 मध्ये छत्रीच्या तळापर्यंत पूर्ण. तो रचणारे फिलिप्पो ब्रुनेलेस्की 1446 मध्ये वारले, छत्री त्यांच्यानंतर झाली. अष्टकोनी, टोकदार, समोरासमोरच्या कोपऱ्यांमधल्या अंतराने व्यास 45 मीटरच्या आसपास. दोन कवचं, आठ कोपऱ्यांवर आठ जाड फासळ्या, मध्ये आणखी सोळा. आणि हे सगळं जमिनीपासून सेंटरिंग, म्हणजे खालून तात्पुरता लाकडी आधार, न उभारता. एवढ्या व्यासाला आणि उंचीला पुरेल इतकं लाकूड उभं करणंच अवघड होतं.

सेंटरिंग नाही म्हणजे अडचण नेमकी कुठे? वर जाताना विटांचा थर आत कलत जातो. चुना हळू घट्ट होतो, आणि गोल पूर्ण होण्याआधीच वीट ओल्या चुन्यावरून घसरते. पूर्ण झालेला गोल आपला आपण उभा राहतो, धोका असतो अर्धवट गोलाला. यावर उत्तर म्हणजे मत्स्यकंटक रचना: ठरावीक अंतरावर एक वीट उभी, तिच्या शेजारी पुढच्या थरात दुसरी उभी, असं करत उभ्या विटांची तिरकी रांग घुमटावर चढत जाते. दोन उभ्या विटांमध्ये अडकलेल्या आडव्या विटा छोट्याशा सपाट कमानीसारख्या घट्ट बसतात आणि गोल पूर्ण व्हायची वाट पाहावी लागत नाही.

दोन कवचांमधल्या जिन्यात हे उघडं दिसतं. वीट बोटाने मोजली: उभी वीट कुठे येते ते दाखवणारं रेखाटन एका चौरस मीटरपुरतं नीट काढलं, बाकीचं फोटोत. फ्लॅश मारला तर विटांची खोली जाते. टॉर्च बाजूने तिरका धरावा, सांधे सावलीने उठून येतात.

आडव्या ताणासाठी दगडांच्या साखळ्या, लोखंडाने जोडलेल्या, आणि खालच्या भागात एक चेस्टनट लाकडाची. तरीही तडे गेलेच. मुख्य तडे एकाआड एक बाजूंना आहेत, ज्यांच्या खाली भरीव खांब आहेत त्या बाजूंना. उरलेल्या चार बाजूंखाली कमानी आहेत. तड्यांवर बसवलेली मापकं जिन्यातून दिसतात. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून इथे इलेक्ट्रॉनिक मोजणी चालू आहे. ऋतूंप्रमाणे तडे किंचित उघडझाप करतात, त्यामुळे एका दिवसाच्या मापावरून काहीही ठरवू नये.

25 जून, फ्लॉरेन्स
नदीच्या दक्षिण काठावर, शहराच्या पूर्वेला आंकोनेल्ला बागेत याच घुमटाची विटांची प्रतिकृती आहे, प्रमाण 1:5. प्राध्यापक मासिमो रिची यांनी ब्रुनेलेस्कींची रीत तपासण्यासाठी ती बांधायला घेतली. गर्दी नाही, विटांचे थर डोळ्यांच्या उंचीवर, आणि काम अर्धवट असल्यामुळेच आतली रचना वाचता येते. घुमट चढण्याआधी इथे यावं. मग वर काय पाहायचं ते कळतं.

खोलीवर छोटी चाचणी. हस्तकलेच्या दुकानातल्या छोट्या विटा, चुन्याची निवळी नव्हे तर घट्ट मळलेला चुना 1 भाग, चाळलेली वाळू 2 भाग. मध्यभागी खिळा आणि दोरा, त्याने प्रत्येक विटेचा कल तपासायचा. सरळ थरांचा घुमट साधारण 30 अंश कललेल्या थरापासून घसरू लागतो. दर सातवी वीट उभी लावलेला त्याच्या बराच पुढे जातो. विटा आधी भिजवाव्यात. कोरडी वीट चुन्यातलं पाणी ओढते आणि सांधा पीठ होतो.

साखळीवर मध्यभागी छत्रीचं म्हणून जादा वजन टांगलं. साखळीला तिथे टोक आलं. उलटं केलं की टोकदार घुमट! माथ्यावर जड संगमरवरी छत्री ठेवायची असेल तर आकार टोकदारच हवा, आणि टोकदार घुमटाच्या फासळ्यांना वरून दाबून धरायला छत्री हवी. पँथिऑनला दोन्ही नकोत.

4 जुलै, बार्सिलोना
सग्रादा फॅमिलिया या चर्चच्या संग्रहालयात टांगलेल्या साखळ्यांचा नमुना पाहिला. त्याचे वास्तुकार अंतोनी गौदी यांनी कोलोनिया गुएलच्या चर्चसाठी 1:10 प्रमाणाचा असा नमुना केला, वजन म्हणून छर्ऱ्यांच्या पिशव्या, आणि त्याचे फोटो उलटे करून त्यावर चित्रं रंगवली. रोमच्या खोलीत आपण करतो तेच, फक्त एका फाकीऐवजी सगळी इमारत. नमुन्याखाली आरसा आहे, त्यात पाहावं.

चर्चचा बांधून झालेला तळमजला सांता कोलोमा दे सेर्व्हेल्लो गावात आहे, प्लासा एस्पान्याहून उपनगरी गाडीने वीसेक मिनिटं. तिरके खांब ओळंब्याने तपासले तर कलण्याची दिशा वरच्या रेट्याच्या दिशेशी जुळते. खांब तिरका असल्याने बाहेरून टेकू द्यावा लागला नाही.

8 जुलै, बार्सिलोना
पातळ विटांची कातालान कमान, एका कार्यशाळेत हाताने. पहिला थर दीड-दोन सेंमी जाडीच्या विटांचा, जिप्समच्या प्लास्टरमध्ये, सेंटरिंगशिवाय. विटेच्या दोन कडांना प्लास्टर लावून जागेवर दाबायची आणि दहा-वीस सेकंद धरून ठेवायची; ती तिथेच राहते. दुसरा थर सिमेंट किंवा चुन्याच्या मालात, पहिल्याला 45 अंश तिरका, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही.

बिघाड जवळपास सगळे प्लास्टरचे. पाण्यात पावडर टाकावी, पावडरीत पाणी नाही. एका वेळी चार-पाच विटांपुरतंच कालवावं. घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी घालून पुन्हा हलवलं तर तो वाळल्यावरही भुसभुशीत राहतो. भांड्याला जुना माल चिकटलेला असेल तर नवा लगेच आवळतो, म्हणून रबराचं लवचिक भांडं, दाबलं की साफ. आणि जिप्सम ओलीला टिकत नाही. कोकणात बाहेर हे करायचं तर वरचे थर चुना-सिमेंटचे आणि पाणी निचरणारा गिलावा हवाच.

15 जुलै, पॅरिस
पाँतेऑं, चर्च म्हणून बांधलेलं स्मारक. वास्तुकार सुफ्लो यांचा आराखडा, दगडाची तीन कवचं, दगडांत गुंफलेलं लोखंड. इथला धडा लोखंडाचा: पाणी आत शिरलं की ते गंजतं, गंज जास्त जागा घेतो आणि दगड फोडतो. पृथ्वीचं फिरणं दाखवणारा फूकोचा लंबक 1851 मध्ये इथेच 67 मी. लांब तारेवर टांगला होता. आजही तिथे लंबक फिरतो. खांबांच्या वरच्या सज्जापर्यंत 206 पायऱ्या, उन्हाळ्यातच खुलं.

2 ऑगस्ट, पुणे
सगळे छेद एकाच प्रमाणात, 1:200, ए-2 शीटवर.

गोलघुमट, 1656: आतला व्यास 37.9 मी., बाहेरचा साधारण 44, म्हणजे जाडी तळाशी 3 मी. त्रिज्येच्या 16 टक्के; गरज 4 टक्क्यांच्या थोडी वर, म्हणजे साधारण 80 सेंमीची. एकच कवच, फासळी नाही. खाली दोन चौरस एकमेकांत फिरवून छेदणाऱ्या आठ कमानी, आणि त्यांचं आत झुकलेलं वजन घुमटाचा बाहेरचा रेटा तोलतं. पँथिऑनने जाडी वापरली, फ्लॉरेन्सने गुंफण आणि साखळ्या, सेंट पीटरने पट्टे. विजापूरच्या गवंड्यांनी उलट दिशेचं वजन टांगलं. हे उत्तर वरच्या तिघांपैकी कुणाकडेच नाही.

मुंबईचं टर्मिनस, 1878 ते 1888, आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स: अष्टकोनी, फासळ्यांचा दगडी घुमट, फासळ्यांचे दगड एकमेकांत अडकवलेले आणि सेंटरिंगशिवाय उचललेला म्हणून प्रसिद्ध. फ्लॉरेन्सशी तुलना याचीच करायची. अडकवण आतून दिसते का, हे दुर्बिणीने पाहायचं.

विजापूरला ऑक्टोबरमध्ये. सकाळी दार उघडताच सज्जात पोचायचं. लोक हाका मारू लागले की तिथे उभं राहून एकमेकांना आकडे सांगताच येत नाहीत, प्रत्येक शब्द घुमतो. आकडे वहीतच लिहायचे, बोलायचे नाहीत. ओळंबा, कोनाचं ॲप, टॉर्च, आठ कमानींचा कोरा आराखडा दोन प्रतींत. कमानींवरचे तडे आणि घुमटावरचे तडे वेगवेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने.